तीन बारांना उत्तर

पेल्टोच्या हार्डवेअर दुकानात तौनो हौताला एकतीस वर्षं काडतुसं विकत होता, पण गिऱ्हाइकानं मागितलं ते काडतूस त्यानं सुखासुखी कधी काढून दिलं असेल तर शपथ. माणूस खिळे घ्यायला आला की दोन मिनिटांत मोकळा. काडतुसं घ्यायला आला की त्याची उलटतपासणी सुरू व्हायची. बसणार कुठे? दलदलीपलीकडच्या धारेवर की नदीकडे? शेजारच्या जागेवर कोण? त्याच्याकडे कोणतं काडतूस आहे? हे सगळं ऐकून झालं की तौनो चष्मा कपाळावर सरकवायचा, फळीवरून भलताच डबा काढायचा आणि म्हणायचा, "तुला हे."

"अरे तौनो, मला हरीण मारायचंय, सोयरीक जुळवायची नाहीये," ओनी एकदा वैतागून म्हणाला होता. ओनी त्याच्याच शिकारीच्या कॅम्पातला, शाळेपासूनचा सोबती.

"सोयरिकीत चूक झाली तर बायको माहेरी जाते. इथे चूक झाली तर परत येतोस का तू?" तौनो म्हणाला. ओनीनं मुकाट्यानं तो डबा घेतला.

आमच्या भागात रीत अशी की एका कॅम्पात सगळ्यांनी एकच काडतूस वापरायचं. टेबलावर डबा उघडा पडलेला असतो, ज्याला लागेल त्यानं मूठभर उचलावं. शिवाय पहाटे कंदिलाच्या उजेडात एकाचं काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत जाण्याची भीती नाही. ही रीत मोडली ती एकट्या तौनोनं. पंधरा-वीस वर्षांत त्यानं असं काही करून ठेवलं की त्या धारेच्या आसपास बसणाऱ्या दोन माणसांकडे एका जातीचं काडतूस राहिलं नाही. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या डब्याला आणि बंदुकीच्या दस्त्याला तो स्वतःच्या हातानं एका रंगाची पट्टी चिकटवून द्यायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला धंदा वाढवायचाय. दुकान त्याच्या बापाचं नव्हतं, हे मात्र कोणी लक्षात घेत नसे.

त्याचा कान मात्र जबर. शिकारीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी सौनाच्या वाफेत सगळे उघडेबंब बसलेले असताना तो डोळे मिटून सांगायचा, "ओनी, सव्वासातला उडवलास आणि चुकलास. साडेआठचा मात्र लागला." पस्तीस नंबरच्या काडतुसाचा आवाज जडशीळ, धान्याचं पोतं फळीवर आपटल्यासारखा. हलक्या टू-फॉर्टी-थ्रीचा कोरडा, चरचरीत. प्रत्येक माणूस त्याला आवाजावरून ओळखू यायचा. पहिली काही वर्षं या गोष्टीची मजा वाटली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तौनो हे सांगताना हसत नाही, हजेरी घेतल्यासारखा एकेकाचं नाव पुरं करतो आणि शेवटचं नाव झालं की मोठा श्वास सोडतो. त्यानंतर त्याची कोणी फारशी थट्टा केली नाही.

ही हजेरी कशासाठी, ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

इल्मारी त्याचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. लाकूडतोडीत ओंडका घसरून त्याचा डावा खांदा कायमचा दुबळा झाला होता. एकेका बाराला हातानं खटका मागेपुढे ओढायची बंदूक त्याला झेपेना, म्हणून सन बासष्टमध्ये त्यानं अर्धस्वयंचलित रायफल घ्यायची ठरवली. एक बार झाला की ती आपली आपणच रिकामं काडतूस उजवीकडे फेकते आणि पुढचं चढवते. शिवाय झटक्याचा थोडा भाग तिचं यंत्रच खाऊन टाकतं. तेव्हा तसली बंदूक आमच्याकडे नवीन होती. प्रश्न राहिला काडतुसाचा.

"मला टू-फॉर्टी-थ्री बरं वाटतंय, दादा. खांद्याला सोसेल," इल्मारी म्हणाला.

"ते खारी मारायला," तौनो म्हणाला. "सगळ्या कॅम्पाकडे थर्टी-ऑट-सिक्स आहे, माझ्याकडे तेच आहे. तू काय वेगळी चूल मांडणार? तुझ्या पोरीला नेऊन दे ते टू-फॉर्टी-थ्री."

पोरगी म्हणजे सायमी, तेव्हा नऊ वर्षांची. ती काउंटरच्या कडेला हनुवटी टेकून ऐकत होती. इल्मारी हसला आणि त्यानं दादाचं ऐकलं. तो नेहमीच ऐकायचा.

आमच्या जंगलात अडचणीत सापडलेल्या माणसानं तीन बार काढायचे, सारखं अंतर ठेवून. ज्यानं ऐकले त्यानं एक बार काढून उत्तर द्यायचं, आणि उत्तर दिलं की हातातलं काम टाकून तिकडे निघायचं. ही हाक पोरासोरांनाही पाठ असते. पण त्या साली पुलापलीकडचे शहरी लोक या नव्या बंदुका घेऊन झुंडीनं आले होते, आणि पळत्या हरणामागे एका दमात तीन-तीन, चार-चार गोळ्या उडवत होते. शिकारीच्या पहिल्या सकाळी नऊ वाजता तौनो आपल्या जागेवर बसला होता. दलदलीपलीकडच्या धारेवरून तीन बार आले. थर्टी-ऑट-सिक्स. ते तर निम्म्या जिल्ह्याकडे होतं. तौनो स्वतःशीच हसला. आला पुलापलीकडचा, म्हणाला. साडेनऊला पुन्हा तीन आले. "डबाभर आणलेत वाटतं," तो म्हणाला आणि त्यानं खिशातली पेस्टी काढली. मांस-बटाट्याची, अजून कोमट होती. अकराला पुन्हा तीन. मग काही नाही.

इल्मारी दुसऱ्या दिवशी त्याच धारेवर सापडला. झाडावरच्या बैठकीची फळी मोडून तो खाली पडला होता, मांडीचं हाड बाहेर आलं होतं. डॉक्टरनं सांगितलं की संध्याकाळपर्यंत तरी जिवंत असावा. उजव्या हाताला बर्फात नऊ रिकामी काडतुसं होती.

त्याची बायको सेन्या हिला तौनोनं त्याच दिवशी सांगितलं, "वाऱ्यामुळे मला काही नीट ऐकू आलं नाही. आणि आलं असतं तरी मध्ये दलदल आहे. वळसा घालून दोन तास लागतात. उपयोग नव्हता, सेन्या." सेन्यानं मान हलवली. दोन तास हा आकडा मग त्या घरात राहिला. कोणी विषय काढला की ती म्हणायची, दोन तासांची वाट होती, तौनो तरी काय करणार.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी, नऊ वाजता, त्याच धारेवरून तीन बार आले.

तौनो उठला आणि धावला. वळशानं धावला, दोन तास. धारेवर ताजा बर्फ होता, त्यावर सशाचाही माग नव्हता. धापा टाकत असतानाच साडेनऊचे आणि अकराचेही त्याच्या कानी पडून गेले होते, आणि प्रत्येक वेळी ते पुढूनच येत होते, जवळ येत नव्हते. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना विचारलं. पाव मैलावर बसणारा ओनी म्हणाला, "नाही बुवा. तिकडून आज चकार आवाज नाही." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं. एकदा तौनो जंगलात गेलाच नाही, दुकानात थांबला. रेडिओ मोठा केला, खिळ्यांच्या पेट्या खडखडवत बसला. बरोब्बर नऊला त्या खडखडाटातून तीन बार आले, सारख्या अंतरानं, आणि काउंटरवरच्या तराजूचं पारडं हललं.

त्यानंतर तो धारेवर धावून जायचा थांबला. आपल्या जागेवर जाऊन बसायचा, नऊ वाजत आले की लोकरी हातमोजे कानांवर दाबायचा आणि अकरा होऊन जायची वाट बघायचा. पण एक भीती त्याच्या मनातून जाईना. उद्या एखादा जिवंत माणूस तिथे पडला, त्याच्याकडेही तेच काडतूस असलं, त्यानंही तीन बार काढले, तर? मी हा इल्मारीच म्हणून कान झाकून बसेन. दुसऱ्यांदा. म्हणून त्यानं ठरवलं की त्या धारेजवळ इल्मारीच्या आवाजाचं काडतूस एकाही जिवंत माणसाकडे राहू द्यायचं नाही. स्वतःचं त्यानं सगळ्यांत आधी बदललं, पस्तीस घेतलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्यानं हे सांभाळलं.

आणि सन एक्याऐंशीच्या ऑक्टोबरात सायमी बापाची बंदूक घेऊन दुकानात आली.

आता ती अठ्ठावीस वर्षांची होती, शहरातल्या दवाखान्यात नर्स. उंची बापाची, बोलणं आईसारखं मोजकं. तिनं बंदूक काउंटरवर ठेवली.

"काका, हिला काडतुसं द्या. दोन डबे."

तौनोनं बंदूक हातात घेतली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. काडतूस बसतं ती कोठी उघडून पाहिली, बोट फिरवलं, बोटाला काळं लागलं.

"ही साफ नाही."

"मग साफ करून द्या."

"थंडीत तेल गोठतं हिचं. पेट्रोलनं पुसावी लागते. आणि ही बंदूक लाडाची असते, सायमी. जड गोळी घातलीस तर आतलं यंत्र ठोकून ठोकून ढिलं होतं, हलकी घातलीस तर पुढचं काडतूस चढत नाही. कशाला हा ताप? ती बघ, वर आहे ती. टू-फॉर्टी-थ्री. खांद्याला झटका नाही, निशाणा सरळ. तुला मी निम्म्यात देतो."

"म्हणजे मधल्या वजनाची गोळी लागेल. दीडशे ग्रेन. ती चौथ्या फळीवर आहे," सायमी म्हणाली.

तौनोनं चौथ्या फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "बसणार कुठे?"

"बाबांच्या जागेवर."

"तिथे हरीण येत नाही."

"आलं नाही तर नाही."

"सायमी, ऐक माझं. दुसरं कुठलंही घे. पस्तीस घे, थ्री-ओ-एट घे, हवं तर बंदूक फुकट घे. पण हे घेऊन त्या धारेवर बसू नकोस."

"का?"

पोरीला सांगायचं तरी काय? तुझा बाप दर वर्षी मला हाक मारतो आणि मी कान झाकतो, म्हणून तुझा आवाज वेगळा हवा?

"लहानपणी ऐकलंय मी हे सगळं, याच काउंटरपाशी," सायमी म्हणाली. "बाबा टू-फॉर्टी-थ्री मागत होते. तुम्ही हे दिलंत. आता मी हे मागतेय, तर तुम्ही ते देताय. काका, तुम्ही आम्हाला हवं ते कधी देणार?"

तौनोनं दोन डबे काढून दिले. पट्टी चिकटवायला रीळ हातात घेतला, पण कोणता रंग लावायचा ते त्याला ठरवता येईना. तसेच दिले. त्या रात्रीपासून त्याला झोप लागली नाही ती पंधरा नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे शिकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत.

त्या सकाळी वारा नव्हता. रात्री बोटभर बर्फ पडून आभाळ मोकळं झालं होतं, आणि दलदलीतल्या सीडरच्या झाडांतून पाखराचाही आवाज येत नव्हता. तौनो आपल्या जागेवर बसला होता. सायमी पहाटे पलीकडच्या लाकूडतोडीच्या रस्त्यानं धारेवर गेली होती. पावणेनऊला त्यानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. आज कान झाकता येणार नव्हते. घड्याळाकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं.

नऊ वाजले.

एक. मग पाच मोजावेत इतका वेळ. दोन. पुन्हा तेवढाच वेळ. तीन.

थर्टी-ऑट-सिक्स. तोच आवाज, तीच धार, तेच अंतर. तौनो सगळं अंग कानात गोळा करून ऐकत होता. पोरीचा की त्याचा? काही फरक सापडतो का? सापडला नाही. एकोणीस वर्षं कमावलेला कान ऐन वेळी दगा देऊन गेला. इल्मारी असेल तर तिथे कोणी नाही, नेहमीसारखं. सायमी असेल तर ती बर्फात पडली आहे आणि उत्तराची वाट बघते आहे. मग त्याला एकदम वाटलं, कोणाचा आहे हे विचारत बसतो म्हणूनच मी असा झालो. हाक आली की झालं.

त्यानं बंदूक आभाळाकडे धरली आणि एक बार काढला. पस्तीसचा जड आवाज धारेवर जाऊन आपटला आणि परत आला. उत्तर दिलं होतं, आता निघणं भाग होतं.

तो वळशानं गेला नाही. सरळ दलदलीत शिरला. ती माणूस गिळते, असं तोच सगळ्यांना सांगायचा. नोव्हेंबरात ती वरून गोठलेली असते, हे त्याला कळायला हवं होतं. पाय दोनदा गुडघ्यापर्यंत आत गेला, एवढंच. फांद्या तोंडावर ओरबाडत होत्या, छाती फुटेल असं वाटत होतं, सदुसष्टावं वर्ष होतं त्याचं. "आलो! आलो!" असं तो ओरडत होता, पण कोणाला, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. मग चढ लागला, झाडं विरळ झाली आणि समोर धार उघडली.

सायमी झाडाच्या बुंध्याशी उभी होती. धडधाकट. नारिंगी जाकीट घातलेलं, तोंड मात्र पांढरंफटक. बंदूक तिच्या हातात नव्हती, झाडाला टेकवलेली होती.

"लागलं का तुला? पडलीस का?"

तिनं बंदूक उचलली, खालचा काडतुसांचा खजिना काढून त्याच्या हातात दिला. चार काडतुसं होती, चारही भरलेली. नळी त्यानं उघड्या हातानं चाचपली. बर्फासारखी गार होती.

"मी काढणार होते," सायमी म्हणाली. "तीन बार. मुद्दाम. त्यासाठीच आले होते मी, काका. हरणासाठी नाही. बंदूक खांद्याला लावलीसुद्धा, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून झाले. इथून. या इथून."

ती झाडाच्या दुसऱ्या बाजूला बोट दाखवत होती. तौनो तिकडे गेला. बर्फ कोरा होता. सायमीच्या पावलांचा एक माग रस्त्याकडून आलेला, त्याच्या पावलांचा एक दलदलीकडून, तिसरा नाही. पण बुंध्याच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर, बर्फात तीन बारीक भोकं होती. गरम पितळ पडलं की बर्फ वितळून पडतात तशी. त्यांच्या कडा अजून ओल्या होत्या.

तौनोला हात पुढे करवेना. सायमी गुडघ्यावर बसली आणि तिनं एकेका भोकात बोट घातलं, नर्स जखम तपासते तसं.

"रिकामी आहेत," ती म्हणाली.

मग ती उठली. मनगटावरचं घड्याळ तिनं त्याच्यासमोर धरलं.

"मी वेळ टिपत होते. बार झाले तेव्हा नऊ. तुमचं उत्तर आलं तेव्हा नऊ वाजून एक मिनिट. तुम्ही इथे आलात तेव्हा नऊ वाजून बारा. अकरा मिनिटं, काका. तुमचं वय सदुसष्ट. तेव्हा अठ्ठेचाळीस होतं."

तौनो बर्फातच खाली बसला. त्याला वाटलं, काहीतरी बोलावं. वारा होता, म्हणावं. पण तोंडात तो खोटा वारासुद्धा उरला नव्हता. लाज वाटली, इतकी की भावाच्या मरणाच्या दिवशीही एवढी वाटली नव्हती. अकरा मिनिटं. एवढ्या वेळात पेस्टीसुद्धा खाऊन होत नाही.

"ऐकले होते मी," तो म्हणाला. "तिन्ही वेळा ऐकले. आणि हसलो होतो."

सायमी त्याच्या शेजारी बसली. जवळ नाही, हातभर लांब. "मला वाटायचंच," ती म्हणाली. "पण मला आकडा हवा होता."

"साडेनऊला पुन्हा होतील. मग अकराला," तौनो म्हणाला. "दर वर्षी होतात. तू जा घरी."

"मी बसते."

दोघं बसून राहिली. साडेनऊ झाले. तौनोनं श्वास रोखून धरला. काही झालं नाही. सीडरवरून मूठभर बर्फ ओघळला, बस. सायमीनं थर्मासमधली कॉफी ओतून एक पेला त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो हातात धरला, प्याला नाही. दहा झाले. अकरा झाले. साऱ्या जंगलात कोणीतरी ऐकत बसल्यासारखी शांतता होती, पण बार झाला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा झाला नाही.

तौनोला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्याला हुंदका आवरेना. म्हणजे एवढंच हवं होतं इल्मारीला. एक बार काढून उत्तर द्यायचं आणि यायचं. त्यानं हातमोज्यात तोंड खुपसलं, आणि सायमीनं त्याला रडू दिलं.

मग ती म्हणाली, "आईला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

सेन्या स्वयंपाकघरात होती. दारात तौनोला बघून ती हसली, "मिळालं का हरीण? बसा, कॉफी होतेच आहे," म्हणाली आणि वेलदोड्याचा पाव कापायला सुरी घेतली. तौनो बसला नाही. टोपी हातात धरून तो चुलीजवळ उभा राहिला, ओल्या बुटांतून पाणी फरशीवर गळत होतं.

"सेन्या," तो म्हणाला, "त्या दिवशी वारा नव्हता."

सेन्यानं सुरी खाली ठेवली, चुलीवरची किटली बाजूला काढली आणि ती खुर्चीवर बसली.